पाळी चुकवू नका!

…नाही, मला एक सांगा, यात माझी चूक कुठे होती? कपड्यांचा कारखाना. फाटकावर बोर्ड: पहिली पाळी सकाळी सात, दुसरी पाळी दुपारी तीन. तो बोर्डसुद्धा मीच रंगवलेला! आणि त्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन येतो, "पेंटर, कॅन्टीनसमोरची मोठी भिंत आहे ना, तिच्यावर पाळीबद्दल चित्रं काढायची आहेत. लांबून दिसली पाहिजेत. लोक या विषयावर बोलतच नाहीत हो." तुम्ही काय समजला असतात? खरं सांगा हं! मी समजलो, कामगार वेळेवर येत नाहीत.

दुसरं काय समजणार? मी साधा पाट्या रंगवणारा माणूस. तीस वर्षं रंगवतोय. 'येथे थुंकू नये' हे माझं सगळ्यात गाजलेलं काम, लोक बरोबर त्याच्यावरच थुंकतात. तर तीस फूट भिंत मिळाली म्हटल्यावर मी काय हात राखून काम करणार? दोन दिवस राबलो. भलंमोठं घड्याळ काढलं, भोंगा काढला, डबा घेऊन धावत सुटलेला एक माणूस काढला, आणि खाली हातहातभर अक्षरांत लिहिलं, 'पाळी चुकवू नका!' त्याच्याखाली, 'पाळीला उशीर झाल्यास सुपरवायझरला त्वरित कळवा.' आणि तिसरी ओळ तर मला शिडीवर उभ्याउभ्या सुचली… 'आज तुमची पाळी, उद्या शेजाऱ्याची!'

जेवणाच्या सुट्टीत शिलाईच्या बायका बाहेर आल्या. पहिलीने वाचलं आणि तोंडात रुमाल कोंबला. दुसरी खालीच बसली. तिसरी आत जाऊन आणखी दहाजणींना घेऊन आली. मला वाटलं, वा, याला म्हणतात दाद! तेवढ्यात नर्सबाई आल्या. वाचलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाल्या, "पेंटर, खाली उतरा." उतरलो. "अहो, ही पाळी नव्हे. बायकांची पाळी." मी म्हटलं, "बायकांची पहिलीच असते ना? सात ते तीन?" तर म्हणाल्या, "महिन्याची, पेंटर."

तुम्हाला सांगतो, ब्रश हातातून सुटून थेट डब्यात! तीस वर्षं इज्जतीत काढली आणि बघा, काय पाळी आली माझ्यावर!

मी आपले डबे उचलले. म्हटलं, बाई, हे काम आपल्याच्याने होणार नाही, मी घरदार असलेला माणूस आहे. नर्सबाई म्हणाल्या, "पाळी घरदारातच येते, पेंटर. बसा." आणि त्यांनी एक वही काढली. आता ही वही काय, तर मशीन सोडून बाथरूमला जायचं असेल तर दाराशी वहीत कारण लिहायचं. मी पान उलटलं. पोटदुखी. खाली पोटदुखी. पुढच्या पानावर पोटदुखी. खरं कारण एकजण लिहील तर शपथ! कारण ती वही आधी सुपरवायझर वाचणार, मग मॅनेजरसाहेब वाचणार. आणि साहेब म्हणजे डोकेबाज माणूस! दोनशे बायकांची पोटं दुखतात, म्हणजे काय? म्हणजे जेवणात खोट! त्यांनी कॅन्टीनचा आचारी काढला. पोटं दुखायची थांबेनात. दुसरा आचारी काढला. तरी दुखतायतच! आता तिसऱ्याला शनिवारची मुदत. शनिवारी मालकीणबाई पाहणीला येणार, त्यांच्यादेखत त्याला नारळ.

आणि तिसरा आचारी कोण? माझा मेहुणा! बायकोचा सख्खा धाकटा भाऊ! त्यानेच माझं नाव नर्सबाईंना सुचवलेलं. त्या बिचाऱ्याने तिखट बंद केलं, तेल बंद केलं, शेवटी सगळं नुसतं उकडून वाढायला लागला. मला म्हणतो, "भाऊजी, आता पाणी तरी किती उकळू?"

भिंत बघून बायका खरं कारण बोलल्या तरच तो वाचणार. म्हणजे मी भिंत सोडली की मेहुण्याची नोकरी गेली, आणि मेहुण्याची नोकरी गेली की मला घरात जेवण कोण वाढणार? पण बायकोला हे सांगायचं कसं? बावीस वर्षांचा संसार, पण आमच्यात त्या दिवसांना शब्दच नाही हो! ती म्हणते, 'डोकं दुखतंय.' मी म्हणतो, 'बरं.' संपलं. पहिली सहा वर्षं मी इमानेइतबारे डोकेदुखीच्या गोळ्या आणून देत होतो! तर मी घरी गेलो आणि म्हटलं, "अगं, तिथल्या बायकांचं ते… तुझं कसं… डोकं…" तिला लगेच कळलं, शनिवारच्या मुदतीचं भावाने सांगितलेलंच होतं. म्हणाली, "म्हणजे एका शब्दापायी माझ्या भावाची नोकरी जाणार?" मी म्हटलं, कुठल्या शब्दापायी? मग तीही गप्प. भिंतीकडे बघायला लागली.

तेवढ्यात आतून आमची आठवीतली मुलगी ओरडली, "पाळी!" वर म्हणते, पुस्तकात धडा आहे, सरांनी 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून दिला.

मग तिघं बसलो. मी कागदावर कच्चं चित्र काढलं, मशीनवर बसलेली बाई, एक हात पोटावर, आणि मागे खुर्चीवर डाग. निळा. मुलीने बघितलं. "बाबा, निळा का?" म्हटलं, जाहिरातीत निळंच दाखवतात, सभ्य दिसतं. म्हणाली, "बाबा, निळं रक्त खेकड्याचं असतं. तो धडा सरांनी शिकवला." बायकोने उठून लाल रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवला.

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी भिंतीवरचे डाग काढतोय, ओलीचे, तेलाचे, पण डाग काढायची, म्हणजे चित्रात काढायची, ही पहिलीच वेळ! दुसऱ्या दिवशी भोंगा पुसला, घड्याळात बाराच्या जागी अठ्ठावीस आकडे घातले, धावणाऱ्या माणसाची बाई केली, तिला मशीनवर बसवलं आणि लाल ब्रश उचलला. मागे बायका जमल्या. एक हळूच म्हणते, "काका, एवढा गोल नसतो." दुसरी म्हणते, "जरा खाली घ्या." तिसरी म्हणते, "माझा तर गेल्या महिन्यात जगाच्या नकाशाएवढा होता." आणि सुटल्याच हो सगळ्या! वहीत एक शब्द न लिहिणाऱ्या बायका, मोठ्यामोठ्याने, हसतहसत, एकमेकींना टाळ्या देत! बटणं लावणारी मावशी, साठीला आलेली, म्हणाली, "ती शेजाऱ्याची ओळ पुसू नका, फक्त शेजारणीची करा." केली. खरं सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. तीस वर्षांत माझ्या पाटीपुढे कुणी असं थांबलं नव्हतं.

आणि गुरुवारी साहेब आले. बघितलं आणि घामच फुटला त्यांना. "हे… हे जे काही आहे ते पांढरं करा. उद्याच्या उद्या. मालकीणबाई बघतील!" मी म्हटलं, साहेब, त्या बाईच आहेत ना? तर म्हणतात, "म्हणूनच!"

काय करता? शुक्रवारी पांढरी केली. आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. लालवर पांढरा द्यायचा असेल तर मध्ये प्रायमर मारावा लागतो, नाहीतर लाल वर येतो. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा! बरं, प्रायमरचा डबा सकाळी बायकोनेच माझ्या पिशवीतून काढून पलंगाखाली सरकवलेला, ते मी बघितलंही होतं, पण विसरलो म्हणजे विसरलो.

शनिवारी बघतो तर काय! बाई झाकली गेली, घड्याळ झाकलं गेलं, अक्षरं झाकली गेली, आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एकटा तो डाग! वर येऊन पसरलेला, दाराएवढा!

मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, काठी टेकत. म्हणाल्या, "हा डाग कसला?" साहेब म्हणाले, "ओल आहे, मॅडम." "लाल ओल?" "पाइप गंजलाय, मॅडम." आणि घाईघाईने वही पुढे करून म्हणाले, "पोटदुखीच्या तक्रारी फार आहेत. हाच तो आचारी." मेहुणा हातात डाव घेऊन उभा. त्याने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं हो… आणि माझं मलाच कळलं नाही, तोंड उघडलं आणि शब्द बाहेर!

"पाळी!"

साहेब म्हणाले, "दुसरी तीनला सुरू होते."

"महिन्याची, साहेब. भिंतीवर तीच आहे आणि वहीतही तीच आहे. त्याच्या भाजीचा काही संबंध नाही."

मागून मावशी म्हणाली, "खरं आहे. जेवण चांगलं असतं पोराचं. आता त्याला मीठमिरची घालू द्या तेवढी."

मालकीणबाई डागाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी मशीनवर बसायचे तेव्हा आम्ही दातदुखी लिहायचो. तेव्हाच्या साहेबांनी दाताचा डॉक्टर बोलावला होता." आणि हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

वहीतला कारणाचा रकाना गेला. मेहुणा राहिला, तिखटासकट. भिंत मला पुन्हा रंगवायला दिली, लाल डब्यासकट. सगळं छान झालं… पण माझं काय? तीस वर्षांत कुणाला माझं नाव माहीत नव्हतं, आता सगळं गाव मला 'पाळीवाले' म्हणतं!

कालचीच गोष्ट. मी घरातून उतरून रस्त्यावर पोचलो, वरून बायकोचा आवाज, तिसऱ्या मजल्यावरून, भर रस्त्यात, "अहो, पाळी आलीय, पॅड घेऊन या!" बावीस वर्षांनी! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, धावतच गेलो मेडिकलमध्ये. दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. मी ताठ मानेने म्हटलं, "गुंडाळू नका. असंच द्या." तर तो म्हणतो कसा, "देतो, काका. पण आधी रांगेत उभे राहा. अजून तुमची पाळी आली नाही."