योरिसनं चेहरा शेवटी ठेवला

मंडळी, मला सांगा, आपलं माणूस आपण पाहतो कधी? रोज दिसतं हो, पण पाहतो कधी? उत्तराची घाई नको, आरतीला अजून वेळ आहे, आधी ऐका.

हॉलंड देश. तीन-चारशे वर्षांमागचा काळ. कुठं आलं हॉलंड? भूगोलाच्या मास्तरांना विचारा, मला गोष्ट सांगू द्या. तिथं योरिस नावाचा चितारी होता. माणसांची चित्रं काढायचा. पण पायाला भिंगरी! आज या गावचा व्यापारी, उद्या त्या गावचा कप्तान. आणि रीत कशी? बड्या लोकांना चिताऱ्यापुढे बसायला वेळ कुठला? मग त्यांचे कपडे मागवायचे, माणसाएवढ्या लाकडी बाहुलीला घालायचे, ते आधी रंगवायचे. चेहरा शेवटी.

बायको लिस्बेत म्हणाली, "अहो, एकदा माझंही काढा ना."

"काढतो की. तुझा लग्नातला झगा दे, बाहुलीला घालतो."

"बाहुली कशाला? मी घरातच आहे, बसते ना."

"घरातच आहेस ना? मग चेहऱ्याची घाई काय?"

बघा शहाणा! बायको चुलीपाशी, आणि हा बाहुलीपुढे. झगा झाला, झालरीची कॉलर झाली, तेवढ्यात निरोप आला — कप्तान बसायला तयार आहे. ती दारात म्हणाली, "आज राहा. अंगात कसकस आहे." हा म्हणाला, "आलोच" — आणि गेला. हसू नका, आपणही असंच म्हणून निघतो.

परतला तेव्हा तिला पुरून झालं होतं. तापानं नेली.

धावला चित्रापाशी. ओठ काढले, खरवडले. नाक काढलं, खरवडलं. घरभर येरझाऱ्या. डोळ्यांपाशी तर कुंचलाच थांबला. तसाच पळत शेजारणीकडे गेला. "वहिनी, लिस्बेतचे डोळे कोणत्या रंगाचे होते हो?"

ती बघतच राहिली. "हे तुम्ही मला विचारता?"

योरिस तिच्या उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. कप्तानाच्या मिशीचा केस न केस त्याला पाठ होता हो. बायकोचे डोळे आठवेनात.

आता मिटा डोळे. देवाचं ध्यान नको, ते रोज करता. घरी जी तुमच्यासाठी जेवायची थांबली आहे, तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. बायांनो, सुटलो म्हणू नका, तुम्हीही आणा. म्हाताऱ्या आईचा आणा.

आला? ज्याला आला नाही, त्यानं आरतीला थांबू नये. देव रागावत नाही, त्याचं मी बघतो. उठा, घरी जा, आणि दिवा लावून नीट बघा.