हॉलिस क्रेब्सचा डावा हात

(मे १९९७. पेनसिल्व्हेनियातल्या एका घराचं तळघर. टेबलावर महायुद्धातल्या अमेरिकन पॅराट्रूपरचा फूटभर उंचीचा पुतळा उभा आहे. एल्डन क्रेब्स, वय त्रेपन्न, त्याच्या बुटाची नाडी आवळतोय. त्याची आई वर्ना, वय शहात्तर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकलेली.)

एल्डन: ...आणि हे गुडघ्यावरचं ठिगळ चौथ्यांदा बदललं. आधीचं फार हिरवं होतं. तीन वेळा चहात उकळलं तेव्हा कुठं तो रंग उतरला.

वर्ना: मला आधीचंही बरंच दिसत होतं.

एल्डन: बरं दिसून काय करायचंय आई? खरं दिसायला हवं.

वर्ना: बारा वर्षं चाललंय तुझं. खऱ्या हॉलिसला, तुझ्या बापाला, सैन्यानं वर्षभरात शिकवून बोटीवर चढवलंसुद्धा.

एल्डन: सैन्याला कुणी चुका काढत नव्हतं. मला काढतात. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात एक जण भिंग घेऊन अर्धा तास वाकला होता. म्हणे, सुरी डाव्या पोटरीला कशी? सगळ्यांची उजव्या पायाला असते. म्हटलं, हा माणूस डावखुरा होता, त्याची बायको अजून जिवंत आहे, जाऊन विचारा. भिंग खिशात घालून पुढच्या टेबलाकडे गेला.

वर्ना: हं.

एल्डन: पाच वाजता वाचनालयाच्या बाई न्यायला येतायत. उद्या काचेच्या कपाटात, खाली बाबांच्या नावाची पाटी. आणि मर्ल टॉटन येतोय नेब्रास्काहून! बाबांच्या तुकडीतला, त्यांच्याच विमानातून उडी मारलेला. त्याला एक चूक सापडू नये, बास. मग मी सुटलो.

वर्ना: त्या मर्लपायीच उतरले मी खाली. नाहीतर माझे गुडघे आणि तुझा हा जिना.

एल्डन: हाक मारायची ना.

वर्ना: वर आलास की उभ्यानं खातोस आणि पळतोस. इथं तरी जागेवर सापडतोस. मर्लचं पत्र आलंय मला.

एल्डन: कधी?

वर्ना: ईस्टर झाल्यावर.

एल्डन: ईस्टर? आई, दीड महिना झाला!

वर्ना: पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. आता उद्याच उद्घाटन आलं. आत फोटो आहे त्याचा. इंग्लंडमधला, छावणीतला.

एल्डन: बाबांचा? नवा फोटो? थांब, बोटं लावू नकोस, कडेनं धर. दिव्याखाली आण. अरे देवा. आई, हे बघ, कोपरावरचं ठिगळ! अगदी असंच शिवलंय मी. कॉलर उभी, हातमोजे पट्ट्यात खोचलेले... काय करतायत, लिहितायत का?

वर्ना: पत्र लिहितोय. मलाच असणार. मागं मर्लनं लिहिलंय, तुझा तान्हेपणीचा फोटो त्याला पोचला त्या दिवशीचा आहे म्हणून.

एल्डन: गुडघ्यावर वही ठेवून... थांब.

वर्ना: बघ नीट. घाई नाही.

एल्डन: पेन उजव्या हातात आहे.

वर्ना: हो.

एल्डन: उलटा छापलाय. असं फार होतं आई, छापताना फिल्म पालथी पडली की डावं उजवं होऊन जातं. अर्ध्या जगानं असल्या फोटोंवरून चुका केल्यात. भिंग दे. तिथं, रंगाच्या डब्याशेजारी. फोटोत बाबांच्या शेजारी पाण्याची बाटली आहे, तिच्या पिशवीवर दोन अक्षरं असतात, यू आणि एस. फोटो उलटा असला तर एस उलटा दिसणार.

वर्ना: मग? दिसतोय का?

एल्डन: सरळ आहे.

वर्ना: हं.

एल्डन: मागच्या खोक्यावरचा आकडाही सरळ. सुरी उजव्या पायाला. मग हा माणूस दुसराच कुणीतरी.

वर्ना: हॉलिसच आहे तो. कान बघ त्याचे. तुझेच आहेत.

एल्डन: मग तू मला एवढी वर्षं काय सांगत होतीस?

वर्ना: मला माहीत नव्हतं रे.

एल्डन: नवऱ्याचा हात माहीत नव्हता?

वर्ना: दोन रजा मिळाल्या त्याला. सगळे मिळून एकवीस दिवस संसार झाला माझा. त्यातले चार त्याच्या आईकडे. एकविसाव्या वर्षी कुणी बघतं का, चमचा कुठल्या हातात धरलाय ते? मी त्याचं तोंड बघत होते. आणि तेही आता फोटोतलंच आठवतं, खरं नाही आठवत.

एल्डन: पण तू म्हणालीस. शपथेवर सांगितल्यासारखं म्हणालीस.

वर्ना: तू सात वर्षांचा होतास. ती मिस हॅगर्टी तुझा डावा हात खुर्चीला बांधायची आणि उजव्यानं लिहायला लावायची. चट्टे घेऊन घरी यायचास. रात्रभर मुसमुसायचास. एक दिवस मी म्हटलं, तुझा बाप डावखुरा होता, आणि तो विमानातून उडी मारायचा.

एल्डन: ते आठवतंय मला.

वर्ना: दुसऱ्या दिवशी तू ते भर वर्गात तिला सांगितलंस. तिनं हात सोडला. युद्धात मेलेल्या माणसापुढं काय बोलणार ती? तू घरी आलास तो उड्या मारत. मग मी काय करायचं होतं? बोलावून सांगायचं, बाळा, गंमत केली?

एल्डन: मोठा झाल्यावर सांगायचं.

वर्ना: मोठा झालास तेव्हा मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पुढं तू हे पुतळे घेऊन बसलास. विचारायचास, आई, हे कसं होतं, ते कसं होतं. मी दमून जायचे एल्डन. हो म्हटलं की तुझा चेहरा फुलायचा, म्हणून हो म्हणायचे.

एल्डन: दोन पुरावे असल्याशिवाय मी बटणही शिवत नाही. डाव्या हाताला दोन होते. एक तू. दुसरं त्यांचं अक्षर, डावीकडे झुकलेलं.

वर्ना: गुडघ्यावर लिहिलं की अक्षर कुठंही झुकतं.

एल्डन: आणि तू.

वर्ना: आणि मी. चुकले मी. उद्या चारचौघांत त्या मर्लनं बोट दाखवायच्या आधी तुला माझ्या तोंडून कळावं, एवढंच वाटलं.

एल्डन: किती वाजले?

वर्ना: साडेतीन. राहू दे ना तसाच. मर्ल ऐंशीच्या घरात आहे, त्याला काय दिसणार आहे?

एल्डन: मला दिसेल. कात्री दे. सुरीचा पट्टा उसवून उजवीकडे घेतो. डाव्या पायावर टाक्यांची भोकं राहतील, त्याला इलाज नाही.

वर्ना: घाई करतोयस. कापड फाडशील.

एल्डन: नाही फाडत.

वर्ना: दे इकडे. चाळीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात गेली माझी, उसवायला मला शिकवू नकोस. तू आपला कारखान्याचा मालक असल्यासारखा बसू नकोस नुसता, दिवा जवळ धर.

एल्डन: तो दोरा नको, मेणाचा घे. दुहेरी.

वर्ना: माहीत आहे. हलवू नकोस दिवा.

एल्डन: लहानपणी मी आरशासमोर उभा राहायचो. डावा हात वर करायचो. वाटायचं, एवढं तरी माझ्याजवळ त्यांचं आहे. बाकी काहीच नव्हतं ना. सैन्यानं पाठवलेली एक पेटी आणि घडी घातलेला झेंडा. आता तो हातही गेला.

वर्ना: कान आहेत.

एल्डन: कान काय करायचेत मला?

वर्ना: बरं. रडायचं असेल तर रड, पण दिवा धर.

एल्डन: आई.

वर्ना: काय?

एल्डन: सुई तू डाव्या हातात धरली आहेस.

वर्ना: हं.

एल्डन: पण लिहितेस तर उजव्यानं.

वर्ना: लिहिणं शाळेत शिकवतात. माझ्या वेळच्या बाईंनी ॲप्रनच्या नाडीनं बांधला होता, दोन वर्षं. शिवणं मी घरी शिकले, तिथं बांधायला कुणी नव्हतं.

एल्डन: मी हे कधी पाहिलंच नाही.

वर्ना: तुझं लक्ष त्याच्याकडे होतं.

एल्डन: म्हणजे हा हात तुझा. मग तेव्हा खोटं कशाला सांगितलंस? खरं होतं ना तुझ्याजवळ?

वर्ना: आधी खरंच सांगितलं होतं. म्हटलं, मीसुद्धा डावखुरी आहे. त्यानं तुझं रडणं थांबेना.