बोटभर चीर

(दुपार. जुन्या लाकडी घराच्या मधोमध भिंत. अलीकडे आक्का, पलीकडे तिचा चुलतभाऊ चिमण्या. दोघांचीही साठी उलटलेली.)

आक्का : ...भिंतीला कान असतात हे ठाऊक होतं. तोंड कधी फुटलं?

चिमण्या : भिंत नाही गं, मी बोलतोय. जागी आहेस ना?

आक्का : कोण जाणे. शिवता शिवता मशीनवरच डोळा लागला. खरखर ऐकू येत होती. वाटलं, स्वप्नात कुणीतरी भलाथोरला कपडा फाडतंय. आणि मग तू 'आक्का' म्हणालास. काका गेले तेव्हापासून हाक मारली नव्हतीस. म्हणजे हे स्वप्नच.

चिमण्या : स्वप्नच धर. बोलायला सोपं जाईल.

आक्का : बरं, धरलं. खरवडतोयस काय?

चिमण्या : गिलावा. उद्या माझी बाजू पाडायला माणसं येतायत. म्हणाले, मधल्या भिंतीत काय आहे ते बघून ठेवा.

आक्का : म्हणजे पाडणारच तू.

चिमण्या : मुलाला सिमेंटचं हवंय. मलाही जिना झेपत नाही आता. तुझी बाजू आपली आपण उभी राहील म्हणालेत.

आक्का : राहीलच! मूळ घर आमचं. तुमचं मागाहून चिकटवलेलं.

चिमण्या : झालं सुरू. आमचे बाबा म्हणायचे, मूळ घर आपलं, दादाचं ते नुसतं शेपूट.

आक्का : शेपूट! स्वप्नातसुद्धा भांडायचं का रे?

चिमण्या : नको. ऐक ना... इथे एक खांब निघालाय. भिंतीच्या पोटात, अख्खा. धुळीत ऊन तरंगतंय आणि त्यात हा उभा. एक खिळा नाही कुठे, सगळ्या लाकडी खुंट्या. आणि वर सगळं काळं. काजळी.

आक्का : माझ्या माळ्यावरची लाकडंही काळीच आहेत की. मला वाटायचं आईच्या चुलीने.

चिमण्या : चूल खाली, माळा केवढा वर! नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, आपल्या घराकडे कधी नीट बघितलंच नाही मी. इथे पूर्वी वरचा मजलाच नसणार. जमिनीपासून छपरापर्यंत एकच दालन. मधे विस्तव. धुराडं नाही, त्यामुळे धूर आपला वर चढायचा, दोन्हीकडे पसरायचा.

आक्का : दोन्हीकडे?

चिमण्या : त्याला काय माहीत, तुमचं कुठलं नि आमचं कुठलं.

आक्का : ...डोळे मिटले की दिसतंय रे. विस्तवाभोवती सगळी बसलीयत. कुणाच्या तरी मांडीवर पोर झोपलंय.

चिमण्या : मजला नंतर आला. मग धुराडं. मग रस्त्यावर पुढे आलेली ती तुझी खोली. ही भिंत तर कालची, आपल्या डोळ्यांदेखत झालेली. थांब... खूण आहे खांबावर. पटाशीने कोरलेली. दोन उभ्या रेघा, वर आकडी.

आक्का : सुताराचं नाव असेल.

चिमण्या : नाव नाही. ते लोक आधी अंगणात लाकडं आडवी मांडून अख्खं घर जुळवायचे. मग सुटं करून जागेवर आणून उभं करायचे. कुठलं कशात बसतं ते चुकू नये म्हणून...

आक्का : म्हणून जोडायच्या दोन्ही तुकड्यांवर एकच खूण! अरे, हे मला काय सांगतोस? बाही कापली की मी खडूने हेच करते. नाहीतर डावी बाही उजवीकडे बसते.

चिमण्या : मग याची जोडी माझ्याकडे नाही. इथे बसणारं लाकूड भिंतीतून तुझ्याकडे गेलंय.

आक्का : कात्री आणते, थांब... निघतायत पापुद्रे. नाकात गेली मेली धूळ... चिमण्या.

चिमण्या : काय?

आक्का : दोन उभ्या रेघा. वर आकडी.

चिमण्या : बघ.

आक्का : म्हणजे कोण कुणाचं शेपूट?

चिमण्या : कुणीच नाही. एकाच अंगणात, एकाच माणसाने कापलेलं घर आहे.

आक्का : आणि आपले बाप जन्मभर... देवा रे! हसू की रडू कळत नाही.

चिमण्या : आणखी एक आहे. वरच्या तुळईला, खांबालगत, करवतीची चीर. बोटभर खोल. मग सोडून दिलीय.

आक्का : माझ्याही बाजूला आहे. ती माहितीय मला. भिंत झाली त्या दुपारी बाबा स्टुलावर चढले होते, मी स्टूल धरलेलं. म्हणाले, तुळईसुद्धा तोडून टाकतो, संबंधच नको. थोडी करवत चालवली नि थांबले. लाकडाला कान लावला. म्हणाले, 'पलीकडून तोही कापतोय.' आणि उतरले खाली.

चिमण्या : मी शिडी धरली होती. आमचे बाबाही तसेच थांबले, कान लावून. मला वाटलं, दमले. म्हणाले, 'दादा थांबला.' मग करवत खुंटीला लावली, ती पुन्हा काढली नाही.

आक्का : घर एकच आहे हे कळलं होतं की दोघांना!

चिमण्या : आक्का, ही तुळई सलग आहे. तुझ्या खिडकीपर्यंत. माझं पाडलं तर तुझं राहणार नाही. भिंतीतला भाग गिलाव्याखाली होता, कुणाला दिसलाच नाही.

आक्का : घराचं मरू दे. तू इथून गेलास तर मी अबोला कुणाशी धरू? रोज सकाळी तुझा खोकला ऐकला की बरं वाटतं मला. आहेस म्हणून. सांगणार कशी? अबोला होता ना!

चिमण्या : तुझं मशीन थांबलं की मी पान वाढून घेतो. एकट्याने जेवल्यासारखं वाटत नाही मग.

आक्का : वेडा आहेस.

चिमण्या : मागे सरक. भिंतीतल्या फळीचा तुकडा काढतो... दिसतंय काही?

आक्का : तुझा डोळा. केवढा म्हातारा झालाय रे! पाणी का आलंय त्यात?

चिमण्या : धुळीने.

आक्का : माझ्याही धुळीनेच. हे बघ, जिना झेपत नाही तर खाली माझ्या खोलीत झोप. मधे दार ठेवू.

चिमण्या : मुलाला मी समजावतो. पण उद्या सकाळी ती माणसं येतील. त्यांना काय सांगू?

आक्का : सांग, घरात बोलणं चाललंय. नंतर या.