लाल सॉसचा पास्ता

हॅलो?… हां, बोल गं चिमे, कुठे पोचलीस?… काय?… अगं काही ऐकू येत नाहीये, इथे गाणी लावलीयेत… थांब, दाराशी जाते… अरे, चिमीच आहे. तू बस. तो पाव खा, गार होतोय.

हां, बोल आता. त्या प्लास्टिकच्या ऑलिव्हच्या झाडापाशी उभी आहे. तेच गं, या इटालियन हॉटेलांत हमखास असतं ते. पानांवर ही धूळ!… बरं, किती वेळ लागेल तुला? पर्स ठेवून तुझी खुर्ची अडवलीये मी. वेटर दोनदा विचारून गेला, 'मॅडम, तिसरे गेस्ट येणारेत ना?'

काय?… रडतेयस का तू?… हो, हो… अगं ऐक ना, आधी श्वास घे. झालं काय?

…

नाही. असं नको म्हणूस. मंगळवारी ऑपरेशन आहे दादाचं… अगं सगळ्या तपासण्या झाल्या, तुझी किडनी जुळली, सही केलीस तू… हो, माहितीये, सही म्हणजे बेडी नव्हे. डॉक्टर म्हणाले होते, शेवटच्या क्षणीही नाही म्हणता येतं. मला वाटलं, सगळ्यांनाच म्हणत असतील.

कोण नको म्हणालं, सासूबाई?… मग नवरा?… मग कोण?… तू स्वतःच?

बरं.

नाही गं, रागावले नाहीये… रागावलेय. खोटं कशाला बोलू, चांगलीच रागावलेय. माझ्या रक्तात साखर नसती तर तुला विचारलंसुद्धा नसतं. मला पहिल्याच तपासणीत घरी पाठवलं, नाहीतर…

हो, तुझं पिल्लू लहान आहे. कबूल… अगं कबूल म्हटलं ना! तुला काही झालं तर तिला कोण… मी आहे की… हो. बरोबर. मी कुठे कुठे पुरणार.

पण तू बघायला हवं होतंस दादाला आत्ता. नवा शर्ट घातलाय. बाही मनगटापर्यंत ओढलीये, सुया टोचून फुगलेला हात दिसू नये म्हणून. वेटर येता-जाता पाण्याचा ग्लास भरायला बघतो आणि हा दर वेळी ग्लासावर हात आडवा धरतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत, याला पाणीसुद्धा मोजून प्यायचंय.

आणि मागवलंय काय, सांगू? लाल सॉसचा पास्ता… हो ना, टोमॅटो! तुझ्या पहिल्या पगाराच्या जेवणाला दोन प्लेटा हाणल्या होत्या बघ, तोच. त्यानंतर आजारपण आलं. टोमॅटो नको, चीज नको, नुसता तो तेल-लसणाचा फिक्कट पास्ता गिळत आलाय. मागच्या वेळी वेटरने विचारलं, 'सर, लहान मुलांच्या मेनूतलं देऊ का?' आपण दोघी किती हसलो. तो नव्हता हसला.

आज म्हणतो, 'ताई, उद्या सकाळी डायलिसिस आहेच, धुऊन निघेल सगळं. आणि मंगळवारनंतर काय, चिमीची किडनी टोमॅटोला थोडीच घाबरते!'… मी म्हटलं, खा. मीच म्हटलं गं.

हो, कळतं मला. गेल्या महिन्यात त्याच्या छातीत धडधडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, टोमॅटोतलं पोटॅशियम याच्या हृदयाला झेपणार नाही, ते मीही ऐकलंय… अगं, पण मी 'खा' म्हटलं तेव्हा ऑपरेशन होणार होतं!

आहेस कुठे तू?… खरं सांग… चिमे, तुझी गाडी दिसतेय मला काचेतून. खांबाखाली. दिवे चालू आहेत… मग आत ये ना! जेवायला नको, सांगायला ये. समोर बस आणि सांग, 'दादा, मला भीती वाटते.' तो काही खाणार नाही तुला. 'असू दे गं' म्हणेल. तेच तर ऐकवणार नाही मला… मी? मी नाही सांगणार. लहानपणी तू फोडलेल्या कपबश्या मी माझ्या नावावर घेतल्या. हे नाही घेणार.

थांब, इकडेच बघतोय… हो रे! येतेय! ट्रॅफिक आहे!… हसले मी. हसल्यासारखं केलं.

प्लेट आली त्याची. वाफा येतायत… काटा उचलला… चिमे, लवकर बोल. येतेस का?… अगं हो तरी म्हण, नाही तरी म्हण!

…

काटा खाली ठेवला त्याने. खिडकीबाहेर बघतोय… तुझी गाडी ओळखली गं त्याने.

हात हलवतोय तुला. तूही हलव… हलव गं, काच खाली कर… रडलीस तरी चालेल, एवढ्या लांबून नाही दिसत त्याला. हां, तस्सं.

आता वेटरला बोलावलंय… काय सांगतोय कोण जाणे… अहो, एक मिनिट, ती प्लेट परत का नेताय? काही चुकलं का?… हं… हं. ठीक आहे. नाही, तुमचं काही चुकलं नाही.

काही नाही गं. सरांनी साधा मागितलाय म्हणाला. तेल-लसणाचा… नाही, हातसुद्धा लावला नव्हता… माझी पर्सही उचलून माझ्या जागेवर ठेवलीये त्याने. तुझी खुर्ची शेजारच्या टेबलवाले नेतायत.

आता नको येऊस… नको म्हटलं ना. आलीस तर तोच तुझी समजूत घालत बसेल, आणि मला ते बघवणार नाही… हो. जा तू. पिल्लू वाट बघत असेल. गाडी सावकाश चालव, डोळे पूस आधी.

ठेवते. जेवायला एकटाच बसलाय तो.