आईने ब्रेक लावला नाही

आमच्या मार्टाइनला सायकलवर मागे टाकणारी एकच बाई मी पाहिली आहे, आणि ती माझी आई आहे. हसू नका, ऐका आधी.

मार्टाइन म्हणजे माझ्या ऑफिसातला डच मित्र. गेल्या वर्षी आम्ही तिघं तिबेटला गेलो. चढ गाडीने आणि उतार सायकलने, असा बेत होता. आई सायकल शिकली ती साठीत, आल्मेरे या डच शहरात माझ्याकडे आल्यावर. "मी गाडीतच बरी," म्हणत होती. पण एका खिंडीतून खाली ब्रह्मपुत्रा दिसली आणि बाईसाहेबांनी हेल्मेट मागितलं.

मी मागून गाडीत. बघतो तर आई सुसाट! मार्टाइनला मागे टाकलं, वर एक हात सोडून नदीला नमस्कार केला. मी काचेतून ओरडतोय, "आई, हळू!" ऐकतेय कोण?

पुढे चढ लागला तेव्हा कुठे सायकल थांबली. मार्टाइन धापा टाकत आला. "तुझ्या आईने एकदाही ब्रेक लावला नाही! माझी हिंमत नसती झाली."

आई मला हळूच म्हणाली, "अरे, आल्मेरेला पेडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. इथे मारतेय, मारतेय, काही होईचना!"

"मग नमस्कार कसला केलास?"

"नदीला म्हटलं, आता तूच सांभाळ."

"काय म्हणतायत?" मार्टाइनने विचारलं.

आईने हेल्मेट काढलं, केस सारखे केले. "सांग त्याला, आमच्याकडे उतारावर ब्रेक लावत नाहीत."