बाहेर जाण्याचं बटण

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कापड व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ भैयाजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती शोभाताई, आणि गांधीबागेच्या कापडबाजारातली शटर लवकर ओढून आलेले आपण सर्व,

आधी एक दुरुस्ती. आपल्या हातातल्या स्मरणिकेत मी लिहिलं आहे की, मंडळाच्या ‘गाठोडं’ ॲपवरून एकही दुकान सोडून गेलं नाही. ते चूक आहे. मी फक्त दुकानांचा आकडा पाहिला, तो घटला नव्हता. गेलेल्यांच्या जागी नवी आली होती, हे पाहिलं नाही. बरीच गेली. सगळ्यांत आधी आमचंच गेलं.

शोभाताई माझी सख्खी आत्या. शाळेत जाण्याआधी मी कापडाचं थान मोजायला तिच्याकडेच शिकले, म्हणून एकेरी बोलते.

खेड्यापाड्यातले दुकानदार ‘गाठोडं’वर घाऊक माल मागवतात. सगळे तिथे, म्हणून सगळेच तिथे. ही ताकद लहान नाही. तरी ‘गाठोडं’ची सूत्रं हाती असलेल्या आत्याने त्यात एक बटण ठेवलं. ते दाबलं की आपला माल, भाव, गिऱ्हाइकांचे नंबर आणि अभिप्राय, सगळं दुसऱ्या ॲपवर जातं.

भैयाजी म्हणाले होते, “शोभाताई, दरवाजा सताड उघडा ठेवून दुकान चालते का वं?”

“बंद ठेवून चालते का, भैयाजी?”

मग नवं ॲप आलं, मोठ्या सवलती घेऊन. एका सकाळी बाबा, म्हणजे आपले अमोलभाऊ, आत्याला म्हणाले, “ताई, मी तिकडे जाऊन राहिलो.”

“जा ना गा. खाली उजवीकडे बटण आहे.”

“काहून वं, भावालेही अडवत नाहीस?”

“भावाले अडवलं, तर उद्या गिऱ्हाइकालेही अडवीन.”

बाबा गेले. तिकडे विक्री बरी होती, हेही सांगायला हवं. मग जूनमध्ये सावनेरच्या रुपरावांचा फोन आला. शाळेच्या गणवेशाचं कापड हवं होतं. त्यांना बाबांचा नंबर कुणी दिला? आमच्या समोरच्याच दुकानदाराने, जितेंद्रभाऊंनी. ‘गाठोडं’वर त्यांनी रुपरावांना लिहिलं होतं, “माझ्याजवळ नाही. समोरचे अमोलभाऊ तिकडे गेले, पण माल त्यांच्याजवळच आहे.” आपल्याकडे नसेल तर गिऱ्हाइकाला शेजारी पोचवायचं, ही आपल्या बाजाराची जुनी रीत. नव्या ॲपवर गिऱ्हाईक होतं, शेजार नव्हता. बाबा त्याच आठवड्यात परतले.

मग नुसती गर्दी माणसाला धरून ठेवते का? जाणं सोपं झालं की फार नाही, असं मला वाटतं. गेलेल्यांपैकी निम्मे अजून तिकडेच आहेत, काही दोन्हीकडे आहेत. त्यांचं भलं होत असेल, तर ते आपलं नुकसान कसं म्हणावं?

आत्याच्या खुर्चीवर आता मंडळ मला बसवतं आहे. बाहेर जाण्यासाठी अर्ज आणि महिनाभराची वाट, असा भैयाजींचा प्रस्ताव आहे. त्यांची काळजी खोटी नाही. उद्या निम्मा बाजार निघून गेला तर बोट माझ्याकडेच दाखवलं जाईल, आणि मला त्याची भीती वाटते. पण आत्या दर सोमवारी आधी आमचंच दुकान बाहेर पाठवून पाही. वाट मोकळी असल्याची खात्री झाली, की परत आणी. मगच चहा घेई.

आत्या, तुझे आभार मानायला मला शिकवलंच नाहीस, तरी मानते. भैयाजी, लहान तोंडी काही मोठं बोलले असेन, तर पदरात घ्या. प्रस्तावाला माझा नकार आहे. सोमवारी, सहा जुलैला, खुर्चीवर बसताच मी ते बटण दाबणार आहे.