बलियाची बदली

लखनौच्या रुग्णालयात, हृदयरोग विभागाबाहेर, अचानक मराठी कानावर आलं. ऐकणं बरं नव्हे असं वाटूनही मी पुस्तकाआडून ऐकत राहिलो. शेजारी बसलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या खांद्याला हृदयाच्या पंपाच्या बॅटऱ्या लटकत होत्या.

“अहो, बँकेत सांगितलंत तरी काय?”

“ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे, एवढंच.”

“ठणठणीत? मग पोटातून ही वायर कसली निघालीय?”

“अनघा, हळू बोल.”

“का हळू? फुप्फुसांतला दाब जास्त, नवं हृदय टिकणार नाही, म्हणाले होते डॉक्टर. सहा महिने पंप लावून तो दाब उतरवला. आज कुठे नव्या हृदयाच्या यादीत नाव लागलं, आणि तुम्ही बदली घेऊन निघालात बलियाला.”

“बदलीला नाही म्हटलं की कारण विचारतात. मग सगळे कीव करतात.”

“हृदय मिळालं की दोन-तीन तासांत इथे हजर व्हायचंय. एवढ्या लांबच्या बलियाहून तुमचा स्वाभिमान येणार आहे का धावत?”

“संध्याकाळी बोलतो साहेबांशी.”

“आत्ता. तुमच्या साहेबांनाच, मिश्राजींना, लावलाय फोन. घ्या.”

बराच वेळ तो नुसता ‘हाँ सर, हाँ सर’ म्हणत राहिला.

“नहीं सर, वो मैंने झूठ बोला था. मैं ठीक नहीं हूँ.”